धाराशिवच्या वाफ्यातली बोकचॉय : प्रस्तावना

कढईत तेल तापते, मोहरी पडते, तडतडते, आणि मगच मराठी घरातल्या भाजीला सुरुवात होते. त्या मोहरीचे आणि बोकचॉय या चिनी पालेभाजीचे नाते रक्ताचे आहे. जपानमध्ये काम करणारे कोरियन वंशाचे शास्त्रज्ञ वू जांग-चून यांनी १९३५ मध्ये मोहरी कुळातल्या पिकांची वंशावळ गुणसूत्रांच्या आधारे मांडली. ब्रासिका रापा या जातीची गुणसूत्रे २०, काळ्या मोहरीची १६, आणि या दोघींच्या नैसर्गिक संकरातून जन्मलेल्या राईची ३६. सलगम, उत्तरेकडची तोरिया, चिनी कोबी आणि बोकचॉय या सगळ्या ब्रासिका रापाच्याच शाखा. म्हणजे ज्या कुळातून बोकचॉय आली, त्याच कुळाचा निम्मा वारसा आपल्या फोडणीच्या राईत आहे.

हे नाते प्रथम सांगायचे कारण सरळ आहे. धाराशिव जिल्ह्यात बोकचॉय लावा, असे कोणी म्हटले की पहिली शंका येते ती परकेपणाची. ही मोठ्या हॉटेलांची भाजी, पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये प्लास्टिकच्या वेष्टनात मिळणारी, आपल्या काळ्या रानात ती कशाला? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर या पुस्तिकेत पानोपानी मिळेल. मात्र मिरची, टोमॅटो, बटाटा आणि भुईमूग ही चारही पिके अमेरिका खंडातून आली आणि आज मराठवाड्याचे एकही स्वयंपाकघर त्यांच्याशिवाय चालत नाही. फुलकोबीचे बी इंग्लंडहून १८२२ मध्ये सहारनपूरच्या कंपनी बागेत आले. आज ती आठवडी बाजारातली सर्वांत नेहमीची भाजी आहे. याच जिल्ह्यातले तेर हे गाव ‘तगर’ या नावाने पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदले गेले आहे. इथला माल भडोचच्या बंदरातून रोमन जगात जात होता, आणि तिकडच्या वस्तू तेरच्या उत्खननांत सापडल्या आहेत. बाहेरची वस्तू पारखून घ्यायची आणि आपलीशी करायची, हे या मुलखाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

पारखून घ्यायची, हे महत्त्वाचे. बोकचॉयचे कौतुक करताना घरच्या माठ-मेथीला कमी लेखले, तर तोटा आपलाच. म्हणून या पुस्तिकेत बोकचॉय एकटी येत नाही. तिच्या शेजारी करडईचा कोवळा पाला, अंबाडी, शेपू, चुका, तांदुळजा, पाथरी, शेवगा आणि हरभऱ्याचे शेंडे आहेत. नव्या भाजीला जुन्यांच्या पंगतीत बसवून बघायचे, कोण काय देते ते तपासायचे आणि मग वाफ्यात कोणाला किती जागा द्यायची ते ठरवायचे, अशी या लेखनाची रीत आहे.

आधी जमीन आणि पाणी. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे आठ तालुके बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारांवर पसरले आहेत. तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्या नकाशावर ठळक दिसतात. पात्रात पाणी मात्र वर्षातले थोडेच महिने असते. सरासरी पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या घरात. तोही कधी एका आठवड्यात कोसळतो, तर कधी महिनाभर दडी मारतो. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा आणि ज्वारी, पाणी असेल तिथे ऊस, असा आजचा पीकपेरा आहे. सोयाबीनने हातात पैसा दिला, पण ते घरात शिजवून खाण्याचे पीक नाही. पूर्वी तूर, मूग, उडीद, अंबाडी, तीळ यांच्या मिश्र ओळींतून घरच्या ताटासाठी काहीतरी सतत हाती लागे. सलग सोयाबीनच्या रानात आणि तणनाशकाच्या फवाऱ्यानंतर ना अंबाडीची ओळ उरते, ना बांधावरचा तांदुळजा. पालेभाजी मग बाजाराची वस्तू होते, आणि हात आखडला की यादीतून आधी तीच गळते.

याचा परिणाम शरीरावर होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत स्त्रियांचे हेच प्रमाण ४८ टक्के होते. आकडा घटायचा तो वाढला. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि वाशिमबरोबर तेव्हाच्या उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, समावेश झाला. त्या निवडीच्या निकषांत आरोग्य आणि पोषण हे मोठे घटक होते.

याच जिल्ह्यात या प्रश्नाचे एक उत्तरही उगवले आहे, आणि ते बायकांनी पिकवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे दगावली. पुनर्वसनाच्या कामातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था इथल्या बायकांपर्यंत पोहोचली. घरबांधणीपासून सुरू झालेले काम बचत गट, पाणी, आरोग्य असे करत शेतीपर्यंत आले. दुष्काळाच्या वर्षांत गावोगावच्या बायकांच्या लक्षात आले की राबणारे हात आपले, पण काय पेरायचे हा निर्णय आपला नाही. त्यातून ‘एक एकर शेती’ची पद्धत आकाराला आली. कुटुंबाच्या जमिनीतला अर्धा ते एक एकराचा तुकडा घरातल्या बाईने मागून घ्यायचा. त्यात भाज्या, डाळी, तृणधान्ये मिश्र लावायची, खते-औषधे घरची वापरायची, आधी घरच्यांनी खायचे आणि उरलेले विकायचे. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्या या कामातून पुढे आल्या आणि गावागावांत जाऊन इतर बायकांना ही पद्धत समजावू लागल्या. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ या संस्थेला मिळाला. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या. बाईच्या हातातला तो एकर मात्र अनेक गावांत आजही पिकतो आहे.

बोकचॉयची खरी जागा तिथे आहे. पंचवीस एकरांच्या निर्यात प्रकल्पापेक्षा तुकड्यातल्या चार वाफ्यांना ती जास्त शोभते. का, हे समजायला तिच्या अंगच्या गुणांकडे वळावे लागते.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या बोकचॉयमध्ये सुमारे ९५ ग्रॅम पाणी आणि फक्त १३ उष्मांक असतात. प्रथिने दीड ग्रॅम, तंतू एक ग्रॅम, कॅल्शियम १०५ मिलिग्रॅम, लोह ०.८ मिलिग्रॅम, पोटॅशियम सुमारे २५०, क जीवनसत्त्व ४५ मिलिग्रॅम, फोलेट ६६ मायक्रोग्रॅम. शिवाय अ आणि के जीवनसत्त्वे चांगल्या प्रमाणात. नुसता तक्ता वाचला तर यात डोळे दिपण्यासारखे काही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांत हिरव्या माठात सुमारे ३३० मिलिग्रॅम, शेवग्याच्या पाल्यात ३१४ आणि मेथीत २७४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. या तिन्हींत लोह साडेचार ते पावणेसहा मिलिग्रॅमच्या दरम्यान. लोहाच्या बाबतीत बोकचॉय आपल्या माठ-मेथीच्या जवळपासही येत नाही. रक्त वाढवायला बोकचॉय खा, असे कोणी सांगितले तर ते चुकीचे आहे आणि या पुस्तिकेत तसे कुठेही म्हटलेले नाही.

तिचे मोल दुसऱ्या जागी आहे. अन्नात कॅल्शियम असणे आणि ते शरीराला लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालकात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. ते कॅल्शियमला असे बांधून ठेवते की आतड्यातून ते शोषलेच जात नाही. अमेरिकेत कॉनी वीव्हर आणि रॉबर्ट हीनी यांनी माणसांवर केलेल्या चाचण्यांत पालकातले जेमतेम ५ टक्के कॅल्शियम शोषले गेले, दुधातले सुमारे ३० टक्के, आणि बोकचॉयमधले ५० टक्क्यांहून अधिक. ढोबळ हिशेब केला तर १०० ग्रॅम बोकचॉयमधून ५५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम प्रत्यक्ष शरीरात जाते, तेवढ्याच दुधातून ३५ ते ४०, आणि पालकातून चार-पाच. माठातही ऑक्झॅलेट बरेच असते, त्यामुळे त्याच्या ३३० या आकड्यातून बरीच वजाबाकी होते.

आता हा हिशेब धाराशिवच्या घरात आणून ठेवा. प्रौढ स्त्रीला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस सांगते. भूम-कुंथलगिरीच्या खव्याला नाव आहे. जिल्ह्यात दुभती जनावरे आहेत, पण दुधाचा मोठा वाटा सकाळीच डेअरीच्या कॅनमध्ये किंवा खवाभट्टीवर जातो. घरात उरते ते चहापुरते. लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, पन्नाशी ओलांडलेल्या आजी, यांच्या ताटात अंगी लागणारे कॅल्शियम देणारी, पन्नास-साठ दिवसांत हाती येणारी भाजी असेल तर ती हवीच. मूतखड्याचा त्रास असलेल्यांना डॉक्टर अनेकदा पालक टाळायला सांगतात. बोकचॉयमध्ये ऑक्झॅलेट फार कमी असल्याने तिचा पर्याय त्यांच्यासाठी विचारात घेता येतो. क जीवनसत्त्वाचाही उपयोग आहे. ज्वारी-बाजरीतले आणि डाळीतले लोह शरीराला सहज लागत नाही. जेवणात क जीवनसत्त्व असले तर त्याचे शोषण वाढते. भाकरीबरोबर बोकचॉय आणि वरून लिंबू, एवढ्याने भाकरीतलेच लोह अधिक कामी येते.

दोन इशारेही इथेच द्यायला हवेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखे औषध घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्व असलेल्या पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू किंवा घटवू नये. डॉक्टरांना विचारून ठरवावे. दुसरा इशारा कच्ची बोकचॉय खाण्याबद्दल. मोहरी कुळातल्या सगळ्या भाज्यांत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्ये असतात. त्यांच्यामुळेच त्या भाज्यांना तो ओळखीचा तिखटसर वास येतो. कच्ची भाजी चावली की त्यांतून थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे पदार्थ तयार होऊ शकतात. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१० साली एका ८८ वर्षांच्या बाईंची नोंद प्रसिद्ध झाली. त्या कित्येक महिने रोज एक ते दीड किलो कच्ची बोकचॉय खात होत्या. थायरॉइडचे काम इतके मंदावले की त्या बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोहोचल्या. एवढी भाजी कोणी खात नाही, आणि शिजवल्यावर हा धोका बराच कमी होतो. तरीही, उपयोगी वस्तूचा अतिरेक कसा अंगाशी येतो हे कळण्यासाठी ही नोंद लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लागवडीचा भाग या पुस्तिकेत सर्वांत विस्ताराने आला आहे, कारण चुका तिथेच होतात. बोकचॉय थंडीचे पीक आहे. पंधरा ते वीस-बावीस अंशांत ती सुखाने वाढते. ऊन तापले आणि दिवस मोठा झाला की ती पाने सोडून फुलोऱ्यावर येते, देठ राठ होतात, चव कडवट होते. धाराशिवमध्ये तिचा काळ म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत. फेब्रुवारीत लावलेले रोप बहुधा फुलात जाते. तसे झालेच तर कळ्यांसकट कोवळे दांडेही खाता येतात, वाया जात नाहीत.

बी मोहरीसारखेच बारीक. शेणखत, माती आणि बारीक वाळूच्या ट्रेमध्ये किंवा गादीवाफ्यावर ते अर्धा सेंटिमीटर खोल टाकले की आठवड्याच्या आत उगवते. तीन-चार आठवड्यांत चार-पाच पानांचे रोप लावणीला येते. इथली काळी माती चिकट आणि बहुधा विम्लधर्मी. तिला कुजलेले शेणखत आणि गांडूळखत भरपूर द्यावे आणि वाफा जमिनीपेक्षा उंच करावा, म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब अशा वाफ्यात २५ सेंटिमीटर अंतराने ४८ रोपे बसतात. लावणीनंतर तीस-पस्तीस दिवसांत गड्डा काढणीला येतो. पाव किलोचा एक गड्डा धरला तर एका वाफ्यातून बारा किलो भाजी. असे चार वाफे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावले, तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत घरात भाजी खंडत नाही. एकदम सगळे लावणाऱ्याची भाजी एकदमच तयार होते, आणि मग ती शेजारीपाजारी वाटावी लागते किंवा शेळ्यांपुढे टाकावी लागते.

मुळे उथळ असल्याने पाणी थोडे पण वारंवार लागते. ठिबकची एक नळी किंवा सकाळ-संध्याकाळ झारी, दोन्ही चालते. भाजी-धान्य धुतलेले पाणी वाफ्याला द्यावे. साबणाचे मात्र देऊ नये. उसाच्या पाचटाचे किंवा सोयाबीनच्या भुसाचे आच्छादन घातले की ओल टिकते.

किडींचे म्हणाल तर मोहरीला जे लागते तेच हिला लागते. पानांना बारीक भोके पाडणारे काळे उड्या मारणारे भुंगेरे, पानांच्या मागे मावा, आणि कोबीवर येणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची हिरवी अळी. कोबीच्या शेतात मोहरीच्या ओळी सापळा म्हणून लावायची शिफारस भारतीय संशोधकांनी पूर्वीपासून केली आहे: मोहरी आधी पेरायची, पतंग अंडी घालायला तिच्यावर जातो, मुख्य पीक वाचते. बोकचॉयच्या वाफ्याभोवतीही मोहरीची एक ओळ दहा-पंधरा दिवस आधी टाकून ठेवावी. अळी दिसली की त्या ओळीवर आणि गरज पडल्यास वाफ्यावर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. रोपे लहान असताना जुन्या पातळ साडीचे किंवा कीडरोधक जाळीचे आच्छादन सर्वांत खात्रीचे. आणि एकाच जागी मोहरी, कोबी, मुळा, बोकचॉय ही एका कुळाची पिके पाठोपाठ घेऊ नयेत. मध्ये मेथी, कोथिंबीर किंवा हरभरा यावा. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात मातीची तपासणी आणि कीडनियंत्रणाचा सल्ला मिळतो. पहिल्या वर्षी तिथे एक फेरी जरूर मारावी.

आता शेजारच्या वाफ्याकडे पाहू, म्हणजे करडईकडे. करडई हे मराठवाड्याचे जुने रब्बी तेलबियांचे पीक. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने तिचे अनेक वाण दिले. पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी दाट उगवलेली रोपे विरळावी लागतात. उपटलेली ती बोटभर रोपे टाकून द्यायची नसतात. पाने अजून मऊ असतात, काटे धरलेले नसतात, चवीत किंचित कडसर गोडवा असतो. मुळे खुडून, तीन पाण्यांतून धुऊन, लसूण-हिरव्या मिरचीच्या फोडणीत भिजवलेल्या मुगाच्या डाळीबरोबर ती पाच मिनिटांत शिजतात. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ही भाजी ज्याने खाल्ली, त्याला थंडीतली सकाळ वेगळी सांगावी लागत नाही. महिना उलटला की तेच पान काट्यांनी भरते आणि करडई बांधाचे कुंपण बनून जनावरांना रोखते. हरभऱ्याचेही तसेच: शेंडे खुडले की झाड फुटते, फांद्या वाढतात, आणि खुडलेला आंबट पाला घरात येतो. तो वाळवून डब्यात भरून ठेवला की उन्हाळ्यात, जेव्हा रानात हिरवे काही नसते तेव्हा, बेसन लावून त्याची भाजी होते. पिकाचे काम करता करता भाजी मिळवायची ही पद्धत जिल्ह्यातल्या आजींना तोंडपाठ आहे. ती लिहून ठेवणे हेही या पुस्तिकेचे एक काम आहे.

या सगळ्या पाल्याचा उत्सव म्हणजे दर्शवेळा अमावास्या, बोलीत येळवस. धाराशिव, लातूर आणि सोलापूरच्या काही भागांत मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावे ओस पडतात आणि शेते माणसांनी भरतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, अंबिलाचा नैवेद्य असतो, बाजरीचे उंडे असतात, गव्हाची खीर असते. आणि मधोमध असते ती भज्जी: हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे हिरवे दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, कांद्याची आणि लसणाची पात, त्या दिवसांत रानात जे जे हिरवे असेल ते सगळे, चिंचेच्या कोळात आणि बेसनात एकजीव झालेले. कोणत्याही आहारतज्ज्ञाने डाळ, पाला, आंबट आणि तेल यांचा याहून चांगला मेळ सुचवला नसता. आंबटामुळे लोह अंगी लागते, तेलामुळे पाल्यातले कॅरोटीन शोषले जाते, डाळीमुळे भाकरीतली प्रथिने पूर्ण होतात. ज्या समाजाने वर्षातला एक अख्खा दिवस पाल्याला दिला, त्याला पालेभाजीचे महत्त्व शिकवायची गरज नाही. उरलेल्या दिवसांसाठी पाला कमी पडतो, प्रश्न तेवढाच आहे.

बोकचॉयचा स्वयंपाक याच वळणाने जायला हवा. सोया सॉस आणि ऑयस्टर सॉसच्या पाककृती कुठेही मिळतील. इथे घरच्या डब्यातल्या जिन्नसांवर भर आहे. मूळ तत्त्व एकच: देठ आणि पान यांचा शिजण्याचा वेळ वेगळा. गड्डा तळाशी कापून पाने सुटी करावीत, कारण देठाच्या खोबणीत माती अडकून बसते, आणि नळाच्या धारेखाली एकेक पान धुवावे. पांढरे देठ बोटाच्या पेराएवढे चिरावेत, पाने हाताने तोडावीत. लोखंडी कढईत करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल तापवून मोहरी, ठेचलेला लसूण आणि मिरची टाकावी. आधी देठ, मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे. त्यांचा रंग पारदर्शक होऊ लागला की पाने घालावीत, एकच मिनिट हलवावे, मीठ घालून लगेच उतरवावे. झाकण ठेवून शिजवत राहिले की पाणी सुटते, रंग जातो, कोबीसारखा उग्र वास येतो, आणि क जीवनसत्त्वही बरेचसे निघून जाते.

याच भाजीवर शेवटी शेंगदाण्याचा कूट घातला की ती भाकरीची होते. सुटलेले पाणी वाया घालवायचे नसेल तर बेसन पेरावे. पीठ पाणी शोषते आणि भाजी मोकळी होते. मुगाच्या डाळीत ती चालते, तुरीच्या वरणात चालते, मेथी-पालकाबरोबर घोटून गरगट्यात चालते. धपाट्याच्या पिठात बारीक चिरून मळली तर मुलांच्या डब्यात जाते. येसर लावलेल्या आमटीत शेवटच्या उकळीला देठ टाकले तर ते कुरकुरीत राहतात. मेथीचा किंवा कांद्याच्या पातीचा घोळाणा मराठवाड्यात आवडीने खातात. त्यात बोकचॉयची चार-पाच कोवळी पाने, कूट, मीठ आणि कच्चे तेल घालावे, रोज मात्र नको. अंबाडीच्या आंबट भाजीत ती मिसळू नये. तिची हलकी चव त्यात हरवते.

बाजाराबद्दल मोघम बोलणे योग्य नाही. पुणे परिसरातले शेतकरी ब्रोकोली, झुकिनी, आइसबर्ग यांच्याबरोबर बोकचॉयही पिकवतात, कारण हॉटेले आणि मोठी दुकाने त्यांच्या हाताशी आहेत. धाराशिवच्या शेतकऱ्याला ती सोय नाही. ही भाजी नाजूक आहे. तोडल्यावर काही तासांत पान मलूल होते, आणि शीतसाखळी नसेल तर दूरच्या बाजारात तिला भाव मिळत नाही. ओळखीचे गिऱ्हाईक आणि वाहतूक पक्की नसताना एकरभर बोकचॉय लावणे म्हणजे कर्जाला आमंत्रण. घरापुरती लावावी, उरेल ती आठवडी बाजारात दोन-दोन गड्ड्यांच्या जुड्या बांधून, कशी शिजवायची ते सांगत विकावी. गिऱ्हाईक चवीने जोडले जाते. मागणी दिसली तर पुढच्या हंगामात वाफे वाढवता येतात.

पुढील प्रकरणांचा क्रम असा आहे: पहिल्या भागात बियाणे, वाफा आणि पाणी, दुसऱ्यात कीड-रोग आणि घरगुती अर्क, तिसऱ्यात जिल्ह्यातल्या जुन्या पालेभाज्या महिन्यांच्या क्रमाने, चौथ्यात पाककृती, आणि शेवटी पोषणाचे तक्ते, वाचायला सोपे करून. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, बचत गटाच्या बाया, शाळेत परसबाग करणारे शिक्षक आणि घरच्या ताटाची काळजी असलेला कोणताही शेतकरी, यांना डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. पाककृतींतली मापे वाटी-चमच्यांत आहेत, वाफ्यांची मापे हात आणि मीटर दोन्हींत.

वाचकांना एकच विनंती. या दिवाळीच्या आधी घराजवळ चार वाफे तयार करा. एकात बोकचॉय, एकात मेथी, एकात माठ लावा, आणि चौथा शेपू-चुक्यासाठी ठेवा. बांधाला शेवग्याचे एक झाड असू द्या. लोह माठ-मेथी-शेवग्याकडून घ्या, कॅल्शियम बोकचॉय आणि मेथीकडून. वाफ्यात काय लावायचे याचा निर्णय घरातल्या बाईला घेऊ द्या, आणि पहिली जुडी बाजारात नेण्याआधी घरच्या कढईत घाला.